भुसावळहून पचमढी-मढई : पॉइंट मोजायचे की जंगल बघायचं?

केळीबाग_रावेर (धागाकर्ता)

मंडळी, दिवाळीची गर्दी ओसरली की नोव्हेंबरात पचमढीला जायचं ठरतंय. आम्ही दोन कुटुंबं, सोबत आई (बहात्तर वर्षांची, गुडघे कुरकुरतात) आणि तीन पोरं. थोरला नववीत आहे, त्याला "ट्रेक पाहिजे, बाग नको". निघणार रावेरहून.

यूट्यूब बघून डोकं भणभणलंय. एका ट्रॅव्हलवाल्याने दोन दिवसांत अठरा पॉइंट आणि वर वाघ दिसण्याची गॅरंटी असं पॅकेज पुढे ठेवलं. वाघाची गॅरंटी देणारा माणूस मला केळीला महिनाभर आधी भाव कबूल करणाऱ्या व्यापाऱ्यासारखा वाटतो, म्हणून त्याला हात जोडले.

गाडी घेऊन जावं की रेल्वेने? आईला नेमकं काय काय जमेल? आणि पचमढी म्हणजेच सातपुडा राष्ट्रीय उद्यान का, की ते वेगळं? प्रत्येक जण वेगळंच सांगतो. जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

अमळनेरी_जिभाऊ

इतलं दूर कसाले जातस भाऊ? आपलं तोरणमाळ काय वाईट शे का? यशवंत तलाव, सीताखाई, सातपायरीचा घाट, आणि उंचीही पचमढीच्या तोडीची. तुमच्या तर घराच्या मागेच पालचं जंगल आहे.

केळीबाग_रावेर

जिभाऊ, पालला पोरं दर पावसाळ्यात जातात. सुकीचं पाणी, गारबर्डीचं धरण सगळं पाठ झालंय. तोरणमाळही झालंय. आता एक खरंखुरं राष्ट्रीय उद्यान बघायचंय. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत राष्ट्रीय उद्यान एकही नाही. यावल, अनेर, गौताळा ही सगळी अभयारण्यं.

इटारसी_पॅसेंजर

उभी नोकरी रेल्वेत भुसावळला गेली, म्हणून पहिलं उत्तर माझं. रेल्वेने जा. पचमढीचं स्टेशन पिपरिया. भुसावळ, खंडवा, इटारसी, पिपरिया, जबलपूर ही सरळ लाइन आहे. मुंबईहून अलाहाबादमार्गे जाणाऱ्या कोलकाता मेल, महानगरीसारख्या गाड्या पिपरियाला थांबतात. भुसावळ ते इटारसी साधारण तीनशे किलोमीटर आणि पुढे पिपरिया जेमतेम सत्तर. रावेरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा भुसावळला या नाहीतर बुऱ्हाणपूरला जाऊन बसा. थेट गाडीचं आरक्षण मिळालं नाही तर इटारसीपर्यंत या. तिथे दिल्ली-नागपूरची लाइन आडवी येते, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. आईंसाठी मात्र बदलीची गाडी नको. इटारसीच्या पुलांवर चढ-उतार करण्यातच त्यांचे गुडघे संपतील.

पिपरियाहून पचमढी पन्नासेक किलोमीटर, पैकी मटकुलीच्या पुढे घाट. स्टेशनबाहेर जीप आणि बस दोन्ही मिळतात. जीपवाला "सीट भरली की निघू" म्हणतो आणि सीट कधी भरली हे तोच ठरवतो. तुम्ही आठ-नऊ जण, अख्खी जीपच करा.

रानवाटा_धुळे

पॅसेंजर काकांना अर्धाच दुजोरा. रस्त्याने सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर पडतं, एका दिवसात अंगावर येतं हे खरं. पण वाटेत बुऱ्हाणपूर आणि असीरगड आहे! फारुकींच्या खानदेशाची राजधानी बुऱ्हाणपूर, आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते राज्यच बुडालं. खंडव्याच्या रस्त्यावर तो डोंगर दिसतो आणि आपण हॉर्न वाजवत पुढे जातो. आपल्या प्रदेशाचं नाव ज्या राज्यावरून आलं त्याची राजधानी आज मध्य प्रदेशात आहे, हे निदान थोरल्या पोराला तरी दाखवा.

आता उद्यानाचा घोळ. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ चं, सव्वापाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याला लागून बोरी आणि पचमढी ही दोन अभयारण्यं. तिन्ही मिळून सातपुडा व्याघ्र प्रकल्प. या सगळ्या मुलखाला १९९९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत घेतलं. पचमढी गाव या सगळ्याच्या मधोमध बसलंय. धूपगडला किंवा बी फॉलला जाता तेव्हा वनखात्याच्या हद्दीतच जाता, म्हणून तिथे परवाना लागतो. पण ज्याला आपण "सफारी" म्हणतो, जिप्सीत बसून गवे-अस्वलं बघणं, त्याचं मुख्य दार मढई. ते पचमढीत नाही. सोहागपूरच्या बाजूला, खाली देनवा नदीवर. पचमढीहून दोन-अडीच तास.

बहुतेक लोक पचमढी करून परत फिरतात आणि सांगतात, "सातपुडा बघितला, काही नाही तिथे, नुसते पॉइंट."

वरणबट्टी

अगदी! आम्ही त्यातलेच. गेल्या वर्षी गेलो, जिप्सीवाल्याने सकाळी नऊला उचललं. हांडीखोह दहा मिनिटं, प्रियदर्शिनी दहा मिनिटं, "चला साहेब चला, मागे लाइन लागली." संध्याकाळी धूपगडला सूर्यास्त बघायला इतकी माणसं की सूर्य कोणाच्या मोबाइलमध्ये बुडाला ते कळलं नाही. आमच्या हिने शेवटी विचारलं, सिंहगडावर रविवारी गेलो असतो तर काय वेगळं झालं असतं? हॉटेलवाल्याने "व्ह्यू"ची खोली म्हणून जास्त पैसे घेतले, खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या हॉटेलची पाण्याची टाकी. नाव लिहीत नाही, पण खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्काउट_मास्तर

धागा चांगला चाललाय. भारत स्काउट्स अँड गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे. आमच्या पिढीतल्या खानदेशातल्या बऱ्याच शिक्षकांनी पचमढी पहिल्यांदा पाहिली ती तंबूत राहून आणि पहाटे शिट्टीवर उठून. त्यामुळे मला ते गाव पायीच माहीत आहे, आणि माझं मत तेच आहे : पचमढी चालत बघायची.

केळीबाग, तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी राहता म्हणून एक गोष्ट मुद्दाम बघायला सांगतो. आपल्याकडचा सातपुडा, पाल काय, मनुदेवी काय, तोरणमाळ काय, सगळा काळा बेसाल्ट. लाव्हाचे थर, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, फोडलं तर टणक काळा दगड. पचमढीला पोचलात की रस्त्याकडेच्या खडकावर हात फिरवून बघा. बोटांना वाळू लागेल. तो वालुकाश्म आहे, आपल्या लाव्हाच्या कित्येक कोटी वर्षं आधी नद्यांनी आणून टाकलेली वाळू. पाणी त्याच्या भेगांत शिरतं आणि सुरीने कापावं तशा अरुंद, खोल घळी तयार करतं. हांडीखोह ही तशीच घळ, शंभरेक मीटर सरळ खाली. जटाशंकरची गुहाही त्यातलीच. वरचे सुळके मात्र गोल, घासलेले. याच दगडाच्या कपारींत आदिमानवाची चित्रं आहेत. पोरांना आधी घरामागचा दगड दाखवा, मग तिथला.

आणखी एक. आपल्या बाजूचा सातपुडा तापीला पाणी देतो. तिकडे देनवा तव्याला मिळते आणि तवा नर्मदेला. आणि आपली तापी उगम पावते मुलताईला, म्हणजे त्याच डोंगररांगेत, बैतूल जिल्ह्यात.

चोपड्याची_लेक

मास्तर, वालुकाश्माबद्दल एक सावधगिरी. तो कोरडा असला तरी वर बारीक वाळू सुटते आणि पाय घसरतो. अप्सरा विहारहून पुढे रजत प्रपाताच्या माथ्याकडे जाताना लोक सपाट चपला घालून फोटोसाठी कडेला सरकतात. रजत प्रपात शंभर मीटरच्या वर आहे, खाली नुसती दरी. चांगल्या पकडीचे बूट घ्या आणि पोरांना कठड्याच्या अलीकडेच ठेवा.

आता आईंचं सांगते, कारण मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. हांडीखोह, प्रियदर्शिनी, राजेंद्रगिरी इथे गाडीतून उतरून थोडंच चालायचं. धूपगडलाही जिप्सी वरपर्यंत जाते. १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, आणि आजीला तिथे खुर्ची टाकून बसता येतं. सूर्यास्ताची गर्दी नको असेल तर सूर्योदयाला जा, निम्मी माणसंही नसतात. महादेवाच्या गुहेजवळही गाडी जाते. शेजारच्या गुप्त महादेवाला मात्र एका वेळी एकाने अंग चोरून, आडवं होऊन शिरावं लागतं. सासूबाई अर्ध्यात थांबल्या आणि "देवा, इथूनच नमस्कार" म्हणाल्या. जटाशंकरला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, येताना त्याच चढायच्या. गुडघे बघून ठरवा. बी फॉल आईंना नकोच. खाली उतरताना गंमत वाटते, वर येताना जीव निघतो.

माकडांपासून पिशव्या सांभाळा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेणार असाल, नेणारच, तर डबा बाहेर काढू नका. आमची अख्खी पुरचुंडी राजेंद्रगिरीवर गेली.

अमळनेरी_जिभाऊ

😂 माकडले बी खानदेशी तिखट आवडनं म्हणजे!

केळीबाग_रावेर

ताई, फार उपयोगी लिहिलंत. आई आणि धाकट्यांचं ठरलं. थोरल्यासाठी काय? त्याला खरंच दमवायचंय.

स्काउट_मास्तर

चौरागड. दुसरा विचार करू नका. महादेव गुहेजवळून वाट निघते. आधी जंगलातून चढ-उतार, झाडीत सावली असते. मग पायऱ्या सुरू होतात, तेराशेच्या आसपास. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे लय लागत नाही. वरच्या टप्प्यात वाटेच्या बाजूला त्रिशूळ दिसायला लागतात. आधी एखाददुसरा, मग पाच-दहा एकत्र, आणि माथ्यावर देवळाभोवती अक्षरशः ढीग. हातभर लांबीचे, पुरुषभर उंचीचे, काही नव्याकोऱ्या शेंदराचे, काही गंजून तांबडे झालेले, एकमेकांत अडकलेले. नवस फेडायला महाशिवरात्रीला लोक खांद्यावरून त्रिशूळ घेऊन एवढं चढतात, काही त्रिशूळ तर दोघांतिघांनी मिळून वाहावे लागतात. विदर्भातून फार लोक येतात, त्यामुळे वाटेवर "हर हर महादेव"च्या मधे मराठी ऐकू येते.

सकाळी लवकर सुरू करा. जाऊन-येऊन सहज चार-पाच तास धरा. पाणी जवळ ठेवा.

रानवाटा_धुळे

नागद्वारीचा उल्लेख कोणीतरी करणारच, म्हणून आधीच सांगतो. ती वाट वर्षातून फक्त नागपंचमीच्या सुमाराला, थोडे दिवस उघडते. एरवी ते व्याघ्र प्रकल्पाचं बंद क्षेत्र आहे. नोव्हेंबरात कोणी "मी नेतो आतून" म्हणाला तर त्याच्यासोबत जाऊ नका. तुमच्यावरच गुन्हा नोंदला जाईल.

हांडीखोहच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. तिथे अत्तर फवारून, धूर करून, दगड भिरकावून शहाणपण दाखवू नये. आपल्याकडे पाटणादेवीच्या डोंगरात जाणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

इटारसी_पॅसेंजर

परवान्याचं कोणी नीट सांगितलं नाही अजून. पचमढीत बायसन लॉजला वनखात्याची खिडकी आहे. धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार वगैरेंसाठी तिथे पावती फाडायची आणि नोंदणी असलेली जिप्सी घ्यायची. आपली गाडी सगळीकडे चालत नाही. म्हणजे रावेरहून स्वतःची गाडी नेली तरी ती हॉटेलच्या अंगणातच उभी राहणार. म्हणून म्हटलं, रेल्वे.

बायसन लॉज ही इमारत नुसती खिडकीपुरती बघू नका. इंग्रज फौजेतला कॅप्टन फोरसिथ या पठारावर आला, आणि १८६२ मध्ये त्याने हे घर बांधलं. आता आत संग्रहालय आहे. त्याच्या आधी हे पठार गोंड-कोरकूंचं होतंच, "शोध लावला" म्हणायची पद्धत इंग्रजांची.

चोपड्याची_लेक

+१. कोरकू म्हटलं की आपल्या लोकांना मेळघाट आठवतं, पण ते सगळं एकाच डोंगराचं गोत. आपल्या बाजूला पावरा, भिल्ल, तडवी.

वरणबट्टी

मला मढईचं विचारायचंय. तिथे वाघ दिसतो का? खरं सांगा.

रानवाटा_धुळे

खरं सांगायचं तर वाघासाठी जायचं असेल तर ताडोबा किंवा कान्हा. सातपुड्यात वाघ आहेत, पण डोंगराळ, दाट जंगल, रस्ते कमी आणि जिप्सी मोजक्या. गवा, अस्वल, बिबट्या आणि शेकरू यांच्यासाठी जा. मला तर तिथली अस्वलं बघायला वाघापेक्षा जास्त आवडली. एक अस्वल वारुळावर तोंड लावून श्वास ओढत होतं. वीस-पंचवीस पावलांवरून तो आवाज ऐकू येत होता, पाण्याचा पंप हवा घेतो तसला. जिप्सी बंद करून बसलो, त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मढईची सुरुवातच वेगळी आहे. गेट नदीच्या पलीकडे. इकडे देनवाचं पाणी पसरलेलं, तवा धरणाचा फुगवटा. पहाटे अंधारात होडीत बसायचं, पाण्यावर धुकं, पलीकडे जिप्सी उभ्या. आत गवताची मोठी मैदानं दिसतात. त्यातली बरीच पूर्वीच्या गावांची शेतं होती. गावं बाहेर वसवली आणि तिथे गवत वाढलं. कान्हातून आणलेले बारशिंगे आता अशा गवतात चरतात. त्या गावांतल्या लोकांना बाहेर काय मिळालं हा वेगळा धागा होईल, पण आत फिरताना गाइडला जुन्या गावाचं नाव विचाराच. त्याचं किंवा त्याच्या नात्यातल्या कोणाचं घर तिथे असू शकतं.

आणि मुख्य म्हणजे इथे पायी सफारी मिळते. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात गाइडबरोबर चालायला परवानगी देणारी ठिकाणं आपल्या देशात फार थोडी. थोरल्याला हेही करू द्या, फक्त वयाची अट आधी विचारून घ्या.

स्काउट_मास्तर

बोरीबद्दल एक ओळ : १८६५ मध्ये राखीव केलेलं, देशातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांपैकी. पश्चिमेचा साग आणि पूर्वेचा साल या मुलखात एकत्र भेटतात. आपल्याकडे यावलपासून पुढे सागच साग, साल बघायलाच मिळत नाही. पचमढीच्या पठारावर साल ओळखायला शिका.

अमळनेरी_जिभाऊ

वाचून मलाच जायची इच्छा व्हायला लागली. थंडी किती असते? आमच्याकडे ४५ अंशांची सवय, थंडीची नाही.

चोपड्याची_लेक

नोव्हेंबरात सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतोच. डिसेंबर-जानेवारीत मध्य प्रदेशातलं सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा पचमढीचं असतं. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा लागतो तेव्हा कानटोपी आणि हातमोजे दोन्ही हवेत. मढई खाली आहे, तिथे दुपारी ऊन चटकतं.

पावसाळ्याचंही सांगून टाकते, दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. उद्यानाचं मुख्य क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. पचमढी गाव उघडं असतं आणि धबधबे तेव्हाच खरे. पाऊस तिथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या जळगावच्या दुपटीहून जास्त. पण तेव्हा पॉइंटवर गेलं तर समोर पांढरं धुकंच, दरी कुठे ते कळत नाही.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून असं ठरवलंय :

भुसावळहून थेट पिपरिया, जीपने वर. पचमढीत तीन मुक्काम. पहिल्या दिवशी काहीच नाही, गावातच सायकल भाड्याने घेऊन पोरं फिरतील आणि आई बाजार बघेल. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाऊ आणि थोरला चौरागड, तोवर बाकीचे महादेव गुहेपाशी, मग सगळे मिळून हांडीखोह. तिसऱ्या दिवशी पहाटे धूपगड, दुपारी ज्यांना जमेल त्यांनी अप्सरा विहार. अठरा पॉइंटांपैकी निम्मे सोडले. मग खाली मढईला दोन मुक्काम, एक जिप्सी आणि थोरल्यासाठी पायी सफारी. परतीची गाडी पिपरियाहूनच.

मढईला पोचतोय मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी सकाळी आराम आणि दुपारची सफारी, असं बुकिंग करू का?

इटारसी_पॅसेंजर

थांबा! बुधवारी दुपारची सफारी नसते. मध्य प्रदेशातल्या उद्यानांना बुधवारी दुपारनंतर सुट्टी. सकाळची घ्या. आणि ऑनलाइन बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर टाकाल तेच मूळ ओळखपत्र सोबत ठेवा, झेरॉक्सवर गेट उघडत नाही. पोरांची आधार कार्डंसुद्धा.

रानवाटा_धुळे

एका जिप्सीत सहा जण बसतात. तुम्ही आठ-नऊ, म्हणजे दोन जिप्सी धरा किंवा आई आणि एक जण मागे राहतील असं ठरवा. धाकट्यांना एका गाडीत कोंबू नका, चार तास बसायचं असतं.

केळीबाग_रावेर

बुधवार सकाळ केली, दोन जिप्सी. आई म्हणते, "होडीत बसायचं म्हटल्यावर मी मागे कशाला राहू?"